कुलूप लावल्यावरही

३ मार्च, मंगळवार

सापडलं! आणि सापडायला नको होतं. आपल्या कंपनीच्या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपला कुलूप लावलं तरी मास्टर पासवर्ड कंप्युटरच्या मेमरीत तसाच पडून राहतो. बाकी सगळे पासवर्ड उघडणारी ती एक किल्ली — उघड्यावर! मशीन पूर्ण बंद करेपर्यंत. पुन्हा पुन्हा तपासलं.

४ मार्च, बुधवार

साहेबांना दाखवलं. टीममध्ये त्यांचं नाव शांतिदूत. आग लागली तरी म्हणतील, "शांत हो." आजही तेच! "मशीन हातात असेल त्यालाच जमेल ना हे? एवढा रिकामटेकडा कोण बसलाय? पुढच्या अपडेटमध्ये बुजवू. तोवर बाहेर एक शब्द नाही. गुप्ततेच्या करारावर सही केलीयेस तू."

कोण बसलाय ते मला माहीत आहे.

५ मार्च, गुरुवार

ताईचा नवरा. त्याला भाऊजी म्हणणं मी केव्हाच सोडलं. कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. ताई नेसत्या कपड्यांनिशी त्या घरातून बाहेर पडली, लॅपटॉप तिथेच राहिला — कायम चार्जरला लावलेला. ती तो कधी बंद करतच नाही, नुसता मिटून ठेवते. आणि नव्या खोलीचा पत्ता तिने फोनवरून आमच्याच ॲपमध्ये ठेवलाय, म्हणजे तो आपोआप त्या लॅपटॉपवरही पोचलाय.

मीच सांगितलं होतं ना! "ठेव बिनधास्त, तिजोरी आहे ती."

८ मार्च, रविवार

ताईचा फोन. नवे पडदे लावलेत म्हणे. "काल दाराला खुर्ची न लावता झोपले गं!" किती हसत होती. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. नोकरी, सही, साहेब... भित्री आहे मी. भित्री!

९ मार्च, सोमवार

ठरलं. आज तिची रात्रपाळी आहे. उद्या घरी जाऊन समोर बसून सांगते. नोकरी गेली खड्ड्यात.

१० मार्च, टॅक्सीत

सकाळी साहेब भलतेच खूश. बाहेरच्या कुणीतरी तीच चूक शोधून कळवलीये, बक्षीस मागितलंय. "भला माणूस दिसतोय! पुरावा म्हणून फोटोही जोडलाय बघ."

फोटोत ताईची तिजोरी, सताड उघडी. 'नवी खोली', खाली पूर्ण पत्ता. ईमेल रविवारचा.

तिला फोन लावला. "थांब हं, दार वाजतंय," म्हणाली.

तेव्हापासून उचलत नाहीये.