सव्वीस इंचांचा गणवेश

आफ्रिका, १९ मार्च २०१७

प्रिय मालू,

मी सुखरूप आहे, हे आधी वाच, मग बाकीचं. जेवणात भात मिळतो. आईचे गुडघे कसे आहेत?

वापीचे हसमुखभाई घरी निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर हे बोलता येत नाही.

इथल्या सरकारच्या फौजेला परदेशातून मदत आली. ट्रक आले, बंदुका आल्या, गणवेशांचे खोके आले. गणवेश मोठे पडत होते, म्हणून आम्हा शिंप्यांना ते लहान करायला सांगितलं. पहिल्या शिपायाची छाती भरली सव्वीस इंच. आपल्या जिग्नेशची आता एवढीच असेल ना? त्या शिपायाचा एक दात अजून अर्धाच आला होता.

मी साहेबाला त्याचं वय विचारलं.

"अठरा. तू शिव."

मी शिवत राहिलो.

मग मदत देणाऱ्या देशाचे पाहुणे आले. मापांची वही मी त्यांच्यापुढे धरली. एकानं ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, "आमच्या कागदावर सगळे अठराचे आहेत." वही परत दिली.

दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं. घाबरू नको, पासपोर्ट माझ्याजवळ आहे, महिनाअखेरीस निघतो. बाबांना काम संपलं एवढंच सांग. कासाच्या बाजारात मशीन टाकू.

आज सकाळी ती पोरं ट्रकमध्ये चढली. गणवेश अंगावर अगदी नीट बसले होते. त्यातले चौदा मी शिवलेत, मालू.

तुझा,
चंदर