लवकरच बाजारात

४ मार्च
पहिल्या पानावर! यकृताच्या कर्करोगावरच्या नव्या गोळीची बातमी. मथळा माझा— 'अमोघ गोळी लवकरच बाजारात'. कंपनीच्या पत्रकात एवढंच होतं की परवानगीसाठी अर्ज केलाय. 'लवकरच' मी घातलं. ओळ आखूड दिसत होती. उपसंपादिका म्हणाली, "पंडित, आणखी एक संस्कृत शब्द घातलात तर रोगी उठून चालायला लागेल."

७ मार्च
दादाचा फोन. वहिनीला तोच रोग. तिने केमो थांबवली. "तुझी गोळी येईपर्यंत कशाला हाल, म्हणते." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

१२ मार्च
औषध परवान्यांच्या कार्यालयात गेलो— बातमीआधी जायचं असतं तिथे. अधिकारी बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अर्ज परत पाठवलाय. गाठ आकसते, पण माणूस जास्त जगतो याला पुरावा नाही. नव्याने चाचण्या करा म्हटलंय."
"किती वेळ लागेल?"
"वर्षं."

१३ मार्च
वहिनीकडे गेलो. खिडकीतल्या कुंडीतली वाळकी पानं खुडत होती. चेहऱ्यावर रंग आलाय. "या, राजवैद्य." चहा प्यालो, हवापाण्याचं बोललो, परत आलो. धातुरूपं घडाघडा म्हणणारी जीभ, एक वाक्य उचललं नाही तिने.

१४ मार्च
भित्र्याला लेखी बरं जमतं. दुपारी दुरुस्ती लिहून दिली. पण वहिनीने ती पेपरात वाचायची? संध्याकाळी गेलो. दादा खाली उतरल्यावर सांगून टाकलं.
ती हसली. "माहीत आहे, भावोजी. बातमी आली त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, ती गोळी तुमच्या वेळेत येत नाही. केमोने फार तर दोन महिने वाढतील, तेही उलट्या करण्यात. मला नकोत ते. पण यांना नुसतं नको म्हटलं तर कोसळतील हो. तुमच्या बातमीने सोय झाली." मग हळूच, "ती तेवढी राहू दे."
दुरुस्ती थांबवायला जिन्यातूनच कचेरीत फोन लावला. पान छपाईला गेलं होतं.

१५ मार्च
दुरुस्ती पाचव्या पानावर, अगदी तळाला. दादा तळापर्यंत वाचतो. सकाळीच फोन— "गाडी घेऊन ये. केमो पुन्हा सुरू करायची. ती तयार आहे, म्हणाली."