हलायचं नाही

९ फेब्रुवारी, सोमवार

आयसीयूबाहेरच्या बाकावर दुपारी डोळा लागला, तेवढ्यात माझी डावी चप्पल गेली. नुसती गेली असती तर चोरी म्हणून सोडून दिलं असतं. पण चोरानं बदल्यात स्वतःची डावी ठेवली — तशीच काळी रबरी, दोन बोटं आखूड. या देशाचं पुढं काय होणार, ते आज माझ्या टाचेला कळलं.

आत धाकटा भाऊ, संपत. पाबे घाटात दुधाचा टेम्पो उलटला, त्याला आठवडा होत आला. बरगड्या, पोट, डावा हात. सकाळपासून गुंगीचं औषध कमी केलंय. डॉक्टर म्हणाले, "धोका टळला." टळतो म्हणजे नक्की कुठं जातो, ते विचारायचं राहिलं.

११ फेब्रुवारी

पूर्ण शुद्धीवर आहे. मला ओळखतो. तोंडात श्वासाची नळी, त्यामुळं बोलणं नाही. व्यायाम करून घेणारी अश्विनी म्हणाली, "संपतदादा, उजवा पाय उचला." नाही. "बोटं तरी?" नाही. मणका शाबूत, मेंदू शाबूत.

ती मला म्हणाली, "काका, हाड सावकाश जुळतं. मांस थांबत नाही, पहिल्या आठवड्यातच झडायला लागतं. छातीचं गेलं तर नळी निघणार नाही."

१२ फेब्रुवारी

भोंगवलीची भावकी आली. काचेतून बघून जो तो एकच बोलतो — "पडू द्या वो, आराम लागतोय." आमच्यात माणूस शेतात पडला तर आळस, दवाखान्यात पडला तर औषध.

जत्रेत आईनं त्याच्या दंडाला काळा दोरा बांधलेला. करकोचा पडायचा, इतका घट्ट. आज तो कोपराशी आलाय.

१३ फेब्रुवारी

"पाय काय भाड्यानं आणलायस? उचल की!" ओरडलो. त्यानं डोळे मिटले, कडेनं पाणी आलं. खोकलासुद्धा दाबून धरतो. असंच राहिलं तर सोमवारी गळ्याला भोक पाडून नळी घालणार.

जिन्यात त्या आखूड चपलेचा अंगठा तुटला. बरं झालं.

१४ फेब्रुवारी

तुटकी चप्पल फरफटत कपडे आणायला घरी गेलो. ओसरीवर माझी डावी चप्पल! आईच्या उजवीला खेटून.

"तू दवाखान्यात आलतीस?" तिला मीच येऊ नको म्हणून बजावलं होतं. रडते, नर्सशी भांडते.

"व्हय. तू घोरत हुतास. म्हणलं झोपू दे."

"त्याला काय बोललीस?"

"काय बोलायचं? लेकरू वळवळत हुतं. टाकं तुटतील म्हणून शपथ घातली. बरा हुईस्तवर हलायचं न्हाई. हललास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी पायरीवर बसलो. दोन म्हशी एका हातानं आवरणारा गडी तिकडं आईचा जीव वाचवत पडलाय, आणि मी त्याला पायाचं भाडं विचारतोय.

"शपथ सोडव, आई."

"आन् टाकं?"

"तुझा दोरा कोपरावर आलाय."

तिनं पदर खोचला. "हनमा, एस्टी किती वाजता हाय?"

तुटक्या चपलेला सेफ्टी पिन लावून निघाली.

१५ फेब्रुवारी

तिनं आधी दोऱ्यात बोट घालून बघितलं. मग दुसरं घातलं. तेही गेलं. मग त्याच्या कानाशी वाकली. "संपू, सुटली रं माझी शपथ. सुटली. सुटली."

चादर चार बोटं वर आली. थरथरत. मग खोकला — असा खोकला की नर्स धावली.

अश्विनी म्हणाली, "परत एकदा."

आई म्हणाली, "दमला आसंल की, बाई."

१६ फेब्रुवारी

गळ्याचं पुढं ढकललं. मांडी काटकीच आहे. अश्विनी म्हणते भरायला महिने जातील. जाऊ देत.

१९ फेब्रुवारी

नळी निघाली. घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य — "दादा, आय जित्ती हाय न्हवं? शपथ सुटायच्या आदी म्या झोपेत एकदा हललो हुतो."

बाहेर आई बाकावर झोपली होती. तिची डावी चप्पल उचलली, कोपऱ्यावरच्या चांभाराकडून अंगठा शिवून आणला, आणि तिला न उठवता पायाशी ठेवली.