झुंबरच्या पायाखालची हरळी

मी, कुसाबाई देवराम थेटे, वय वर्षे छप्पन्न, राहणार द्वारका चौकाजवळ, नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. लिहिते आहे ते छातीच्या दुखण्यामुळे, कोणाच्या धाकाने नव्हे. मला अपत्ये दोन: मुलगी झुंबर, अविवाहित, बालवाडीत शिकवते, आणि तिच्या पाठचा केरू, पुण्यास नोकरीला.

कलम एक. राहते घर व मागचे अंगण माझे यजमान कै. देवराम यांनी हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. ते दोन्ही मी झुंबरला पूर्ण मालकी हक्काने देते. केरूला अंगणात दुकानांचे गाळे काढायचे आहेत. दिवाळीत तो म्हणाला, "आई, त्या गवतात काय ठेवलंय? ताईला मी काय रस्त्यावर टाकतोय?" टाकणार नाही, माझे पोर तसे नाही. पण भावाच्या घरी बहिणीला सांभाळतात, स्वतःच्या घरी ती राहते. मला ती राहायला हवी आहे. केरू त्याच दिवशी निघून गेला.

गवतात काय ठेवले आहे ते केरूसाठी लिहिते, कारण सन १९७१ ची गोष्ट त्याला आठवत नसेल. झुंबरचा डावा पाय पोलिओने गेला होता. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून ती चालायला शिके आणि आमच्या मुरमाड अंगणात पडे. सोललेल्या गुडघ्यांना मी रोज हळद लावी. यजमान शाळेत शास्त्र शिकवत. त्यांनी विकतचे लॉन लावले, ते वैशाखात करपले. मग म्हणाले, हरळी लावू. मी शेतकऱ्याची लेक, हरळी खणून खणून बोटे फोडलेली. मी कपाळावर हात मारला.

ते जातील तिथून पिशवीत मुळ्या घालून आणत. येवल्याची, गोदाकाठची, सुरगाण्याच्या गुरांच्या वाटेवरची. तीन वाफे केले. "हरळी एकच दिसते, पण गावोगावची वेगळी," ते म्हणत. "एका मातीत, एका पाण्यावर वाढू दे. मग कळेल कोण जातीने बुटकी आणि कोण उपाशी म्हणून बुटकी." येवल्याची उपाशीच निघाली; पाणी मिळताच घोट्याच्या वर गेली आणि झुंबरच्या बुटात अडकू लागली. गोदाकाठची मऊ, दाट. तीच सगळीकडे लावायचे ठरले. सुरगाण्याची जमिनीला चिकटून राही, दिसायला खरखरीत. तिला कोणी विचारेना.

तेवढ्यात सासूबाई आक्काबाई गावाहून आल्या. मास्तराच्या दारात हरळी बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. आम्ही झुंबरला घेऊन दवाखान्यात गेलो, तर मागे त्यांनी खुरपे घेऊन तिन्ही वाफे मुळासकट खणले आणि शेतातल्या रीतीप्रमाणे मुळ्या जिथल्या तिथे उन्हात वाळत टाकल्या. "लय माजली व्हती, काढली एकदाची. आता पोरीला साफ अंगण झालं." यजमान भिंतीकडे तोंड करून जेवले.

पंधरवड्याने त्यांनी तिन्ही ढिगांतल्या मुळ्या पुन्हा रोवून पाणी घातले. गोदाकाठची उठलीच नाही, येवल्याचीही नाही. सुरगाण्याची फुटली. वर्षभरात अंगण भरले. तुडवावी तितकी दाट होई. झुंबर तिच्यावर पडे आणि हसे. ते हसणे ऐकून मी स्वयंपाकघरात रडले आहे. सासूबाई मरेपर्यंत सांगत, "निवड म्या केली."

तरी झुंबरवर गवताची अट नाही. आता ती पडत नाही. तिला फरशी घालायची तर घालावी, घर विकायचे तर विकावे. गवत असेतोवर शेजारच्या वत्सलाबाईंना गणपतीत दूर्वा खुडू द्याव्यात, खुडूनच, उपटून नाही.

कलम दोन. पोस्टातली शिल्लक केरूची. पुतळ्यांची माळ त्याची बायको लंका हिची. सासूबाईंचे खुरपेही केरूने न्यावे. आजीचा त्याच्यावर फार जीव होता.

कलम तीन. दीर मंगळू यांनी यजमानांच्या दहाव्याला "लंगड्या पोरीला जागा कशाला" असे चारचौघांत विचारले. माझ्या दहाव्याला त्यांना चहा द्यावा. दुसऱ्यांदा विचारू नये.

कलम चार. इथवरचे झुंबरला वाचून दाखवले. ती मग म्हणाली, "आई, केरू दिवाळीपासून आला नाही. त्याचं इथं काहीच उरलं नाही, तर तो यायचाच नाही. पुढची खोली त्याची लिही."

मी म्हटले, अगं, रोज भांडण होईल.

"होऊ दे की. भांडायला तरी येईल."

म्हणून कलम एकात काही असले तरी पुढची खोली, तहहयात राहण्यासाठी, केरूची. हे कलम झुंबरचे आहे. मी फक्त लिहिले.

हे पत्र अमलात आणण्याचे काम यजमानांचे शाळेतले सोबती वाल्मीक सहादू पगार यांनी पत्करले आहे.

(सही) कुसाबाई देवराम थेटे

कुसाबाईंनी सारे आम्हांस वाचून दाखवून आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत.

साक्षीदार:
१. वाल्मीक सहादू पगार (सही)
२. वत्सलाबाई भिमाजी गांगुर्डे (सही)

नाशिक, दिनांक १७ जानेवारी १९८९