सासरच्या अकरा पिढ्या

वाखनिंगन, ४ सप्टेंबर २०२३

ती. सुमती आत्यास,
स. जयभीम, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायचं नाही हा तुझा हट्ट, त्यामुळे दोन्ही देशांच्या पोस्टमनना काम आहे. आम्ही इथे ठीक. नीलम शाळेत रमली. मी मराठीत बोलले की ती डचमध्ये उत्तर देते, म्हणजे तुझ्याच वळणावर गेली आहे: ऐकायचं सगळं, करायचं आपलंच.

सध्या एका वेगळ्याच कामात अडकले आहे. डॅनियलचे पूर्वज सोळाशे ऐंशीच्या सुमारास हॉलंडमधून जहाजानं अमेरिकेला गेले. क्वेकर पंथाचे विणकर. हे लोक ख्रिस्तीच, पण यांच्यात पुरोहित नाही, मूर्ती नाही, गप्प बसून प्रार्थना करायची. बड्या माणसापुढे टोपी काढायची नाही, म्हणून तुरुंगात जायचे. आता सासूबाईंनी घराण्याचा इतिहास छापायचं मनावर घेतलं आहे. त्या तिकडे अमेरिकेत, जुने कागद इकडे, म्हणून शोधायचं काम सुनेच्या गळ्यात. दर शनिवारी ॲम्स्टरडॅमला जाऊन कागद चाळते. अकरा पिढ्या लागल्या. खोटं कशाला सांगू, मजा येते.

पुस्तकात एक पान माझ्या माहेरचं आहे. त्यावर बाबांचं नाव, आजोबांचं नाव, आणि पुढे कोरं. सासूबाई प्रेमानंच विचारतात, पण मला लाज वाटते. तुला माहीत असतील तेवढी नावं लिहून पाठव.

लोभ असावा, टोमणे कमी असावेत.
तुझी,
हर्षा


नागपूर, २१ सप्टेंबर २०२३

चि. हर्षा हिस अनेक आशीर्वाद.

टोपी न काढणारे लोक मला आवडले. माझ्या आजोबांना पाटलाच्या दारावरून जाताना पायातलं हातात घ्यावं लागे. नाही घेतलं तर तुरुंगाची गरज नव्हती, पाटील जागच्या जागी निकाल लावी. म्हणून आपले कागद निघाले नाहीत. कैद्याचं नाव तरी कुणी लिहून ठेवतं.

लाज तुला का वाटावी ते कळलं नाही. ज्यांनी पान कोरं ठेवलं त्यांना वाटू दे.

नावं आहेत माझ्याकडे. आजीनं पाच पिढ्या माझ्याकडून तोंडपाठ करून घेतल्या होत्या, बायकांच्या नावांसकट. पण लिहून देणार नाही. जन्मभर मास्तरकी केली, उत्तरं घरपोच पाठवायची मला सवय नाही. डिसेंबरात ये, समोर बस आणि लिहून घे. नीलम झाल्यापासून तू आलेली नाहीस. फोटोत तिला दात नव्हते, आता आलेले पडायची वेळ झाली असेल.

तुझा भाऊ राकेश मला उठसूट दवाखान्यात नेतो. त्याला दुसरा उद्योग नाही. तुझी खोली मात्र त्यानं रंगवायला घेतली आहे, तेवढं काम बरं करतो.

लोभ आहे. तिकीट काढलंस की वाढेल.
सुमती आत्या


वाखनिंगन, २ डिसेंबर २०२३

ती. आत्यास,
स. जयभीम, वि. वि.

रागावू नकोस असं लिहिणार होते, पण तू रागावशीलच. तिकीट एप्रिलवर ढकललं आहे.

चूक माझीच. मी पाठवलेल्या तारखा बघून सासूबाईंना धक्का बसला: अमेरिकेत जन्मलेलं घराण्यातलं पहिलं मूल आईबापांच्या लग्नाआधी पाच महिने जन्मलेलं. क्वेकर लोक महिन्यांना नावं देत नसत, आकडे देत. ‘पहिला महिना’ लिहिलेला मी जानेवारी धरला. त्यांचा पहिला महिना मार्च, आणि तेव्हा वर्षही मार्च संपता संपता बदलायचं. म्हणजे मूल आपल्या मोजणीनं पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये, लग्नानंतर नऊ महिन्यांनी, अगदी सभ्यपणे आलं होतं. पण हे उमगेपर्यंत सासूबाईंनी अन्न सोडायचं बाकी ठेवलं होतं. आता सगळ्या जुन्या तारखा नव्यानं तपासायच्या, आणि पुस्तक जानेवारीत छापायला जायचं. मी अर्ध्यात सोडून आले तर त्या जन्मभर ऐकवतील.

नावं तेवढी पाठवून दे ना. आमिष दाखवून बोलवायला मी आता शाळेतली पोरगी नाही.

लोभ असावा. राग आला तर तोही पत्रानंच कळव.
तुझी,
हर्षा


नागपूर, १९ डिसेंबर २०२३

चि. हर्षा हिस आशीर्वाद.

तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईची अब्रू वाचली, वाचून समाधान वाटलं. जिवंत बाई एप्रिलपर्यंत थांबेल असं तू धरून चाललीस, तेही बरंच झालं. तुझी सासू जन्मभर ऐकवेल याची तुला भीती वाटते. मी ऐकवीन याची वाटत नाही, कारण मी घरची.

आमिषच म्हण. तुझी आई गेल्यावर तू जेवत नव्हतीस, तेव्हा गोष्टीचं आमिष दाखवून मीच तुला भरवलं. तेव्हा तुला चाललं.

खोलीत गव्हाची पोती ठेवायला सांगितली आहेत. रंगवलेली खोली रिकामी ठेवून काय करायचं? नावं एप्रिलातच मिळतील. तोवर तुमचं पान कोरं छापा.

लोभ होता तेवढाच आहे.
सुमती आत्या


वाखनिंगन, १० मार्च २०२४

प्रिय राकेश,
जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आत्याच्या त्या एका तपशिलाची रुखरुख लागून राहिली आहे. शेवटी तिनं तुला ती पाच पिढ्यांची नावं सांगितली का? माझं पान सासूबाईंनी काढून टाकलं, कोरं पान पुस्तकात बरं दिसत नाही म्हणाल्या. पण दुसरी आवृत्ती काढणार आहेत.

आत्या गेल्याचं तू कळवलंस तेव्हा लगेच निघाले असते तरी मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. पुण्यानुमोदनाच्या विधीला येणारच होते. पण नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई चाळीस नातेवाईक घेऊन पूर्वजांचं गाव बघायला आल्या. सगळे कागद मला माहीत, त्यांना दाखवायला दुसरं कोण होतं? गर्दीत उभी राहून मी त्यांच्या अकरा पिढ्यांची नावं घेत होते आणि सारखी आत्या आठवत होती.

तिला फार त्रास झाला का?

माझ्यावर लोभ ठेवणं जमेल तेव्हा ठेव.
तुझी,
हर्षाताई


नागपूर, २६ मार्च २०२४

ती. हर्षाताईस,
जयभीम, वि. वि.

तुझ्या पत्रात आधी नावांची चौकशी आहे, आत्याच्या त्रासाची शेवटी. मी उलट क्रमानं सांगतो.

त्रास झाला. फार झाला. आजार ऑगस्टातच कळला होता. मी तुला कळवायला निघालो की ती ताट बाजूला सारायची. म्हणायची, मला मरणाला येणारी पाहुणी नको, भेटायला येणारी पोरगी हवी. मी तिचं ऐकलं. तुझ्यावर रागावलो आहे तेवढाच स्वतःवरही आहे.

आता नावं. ताई, नावं नव्हतीच. जानेवारीत एकदा तिनंच मला सांगितलं. तिच्या आजीनं तिला काही पाठ करायला दिलं नव्हतं. आजीलाच आपल्या सासऱ्याचं नाव माहीत नव्हतं, गाव त्यांना कामाच्या नावानं हाक मारी आणि घरातही तीच हाक रूढ झाली. तुझ्या सासरच्या अकरा वाचून आत्यानं आपल्या पाच ठोकून दिल्या. मी विचारलं, ताई खरंच कागद घेऊन समोर बसली असती तर काय केलं असतंस? म्हणाली, चार दिवस तर राहिली असती, पाचव्या दिवशी शिव्या खाल्ल्या असत्या.

हर्षाला हे सांगू नकोस, नाहीतर तिला इकडे यायला कारण उरणार नाही, असं तिनं मला बजावलं होतं. आता उरलेलं नाही, म्हणून सांगतो.

राकेश