मत्थियाची कुऱ्हाड

प्रिय चिमणे,

परवा आपला फोन मध्येच बंद झाला. लाईन गेली, असं मी नंतर तुला सांगितलं. लाईन गेली नव्हती. मीच ठेवला. का, ते सांगतो, पण मला आडवळणाने जायची सवय आहे हे तुला ठाऊक आहे. तू रविवारी त्या भल्या विधुराला नकार कळवणार म्हणालीस, कारण त्याच्या लेकीला तू नको आहेस. कळव हो, पण आधी हे वाच.

तुझी आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा ती जास्त. बातमी अशी, की चर्चमधले येशूचे बाराही लाकडी प्रेषित रंगासाठी पुन्हा आपल्या शेडमध्ये आलेत. भिंतीला पाठ लावून उभे आहेत, तपासनीस आलेल्या वर्गासारखे. पेत्राच्या किल्ल्यांचा सोनेरी रंग उडालाय, बर्थलमयाच्या नाकाचा टवका गेलाय. मी ब्रश चालवताना शाळेतल्या कविता म्हणतो. चालीवर हात बरा फिरतो. अर्थाकडे तेव्हा लक्ष नव्हतं, आता कुठे एकेक ओळ उलगडते आहे. रांगेत शेवटी तुझा लाडका मत्थिया, अजून रिकाम्या मुठीने.

तुला तो दिवस आठवतो का? मी तुमच्या घरात नवा नवा आलो होतो. तुझ्या वडलांचा कोट अजून खुंटीवर होता आणि तो तिथेच राहू दे असं मीच तुझ्या आईला म्हटलं होतं. तू मला कशानेच हाक मारत नव्हतीस. 'ते आलेत', 'त्यांना वाढ', असं आईमार्फत चालायचं. मग हे बारा जण पहिल्यांदा शेडमध्ये आले आणि तू कमरेवर हात ठेवून विचारलंस, यहूदा तर येशूला दगा देऊन गेला ना, मग अकराच हवेत, हा बारावा कुठून घुसला? मी सांगितलं, जागा रिकामी पडली, दोघांची नावं पुढे आली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाची निघाली. 'म्हणजे बदली,' तू म्हणालीस, तुझ्या शाळेत बाई रजेवर गेल्या की दुसऱ्या येतात तसा. म्हटलं, हो, बदलीच. मग तू विचारलंस, ज्याची चिठ्ठी निघाली नाही तो रडला का? आजवर ऐकलेल्या एकाही प्रवचनात हा प्रश्न आला नव्हता. पुढे मत्थियाचं काय झालं, हेही तुला हवं होतं. पण बायबलात त्याच्याबद्दल पुढे अवाक्षर नाही. कुणी म्हणतात दूर देशी शिकवत फिरला, कुणी म्हणतात दगडांनी मारला, कुणी म्हणतात कुऱ्हाडीने, म्हणून तर हातात कुऱ्हाड. आणि म्हणूनच सुतार त्याला आपला मानतात.

त्याच संध्याकाळी तू मला पहिली हाक मारलीस. मत्थू. जेवायला ये, मत्थू. तुझ्या आईने डोळे वटारले, मी भात मागून घेतला.

आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड गायब. तुझ्या आईने शेड पालथी घातली. उंदरांनी नेली, असं ती अजून म्हणते. एवढी लाकडी कुऱ्हाड न्यायची म्हणजे उंदीर तालमीतले असावेत. मला ती तुझ्या उशीखाली दिसली होती. मी तोंडात मूग धरले. मनात म्हटलं, पोरीने बदलीचा राग काढला, काढू दे. मत्थिया तसाच चर्चमध्ये गेला, दारापाशी खालच्या चौथऱ्यावर. येता-जाता लहान मुलं त्या मुठीत बोट घालू लागली. आता तर तो रिवाजच झालाय, त्या हाताचा रंग सगळ्यात आधी जातो. फादर म्हणतात, या खेपेला नवी कुऱ्हाड करा. मी म्हटलं, आधी मुलांना विचारा.

आता फोनचं. तू म्हणालीस, त्याच्या घरी गेलं की ती पोर तुझ्या चपला लपवते. कधी पलंगाखाली, एकदा तर पिठाच्या डब्यात. 'मला तू नको आहेस, हे आणखी कसं सांगायचं तिने?' आणि लगेच हसत म्हणालीस, 'मी तरी काय, तुझी कुऱ्हाड लपवलीच होती की. कुऱ्हाडीनेच बदलीला मारलं म्हणालास ना, मग ती तुझ्याजवळ कशी ठेवायची? एक बाबा आधीच गेला होता.' एवढं बोलून तू दुधाच्या भावावर गेलीस. मी फोन ठेवला. इतकी वर्षं मी ती कुऱ्हाड उलटी धरून बसलो होतो, चिमणे. तूच मागे सांगितलं होतंस, त्या पोरीची आई चपला घालून दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. तू रविवारी जा. चपला लपवल्या, तर शोधू नकोस.

तुझाच,
मत्थू