फळीवर न मावलेले दोन शब्द

मी, या घराची मालकीण, वय एक्क्याऐंशी, शाळा तिसरीपर्यंत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाचंही न ऐकता लिहिते. (ती सवय आधीपासूनच नाही.) कायद्याचे शब्द वकीलबाईंचे, बाकीचे माझे. मी चित्रात किटलीला पंख आणि घराला पाय काढते म्हणून मला वेड लागलंय, असं थोरल्याने कोर्टात सांगू नये. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं, मागची खोली वगळून. तिथे गाडी लावायचं थोरल्याने मनातून काढून टाकावं.

२. बँकेतली शिल्लक धाकट्या सुनेला. माझं दुखणंखुपणं तिने काढलं आणि वर माझी बोलणीही खाल्ली.

३. मागची खोली, हाताने फिरवायचं छापयंत्र, रोलर आणि कोरायची हत्यारं नातीला. हत्यारांनी पार्सलं फोडू नयेत.

४. चित्रं छापायच्या, कोरलेल्या सगळ्या लाकडी फळ्या माझ्या नणंदेला. ती सासर सोडून परत आली तेव्हा ह्यांनी तिला मागची खोली दिली. तिथेच आमचं काम सुरू झालं. चित्र माझं, कविता तिची, यंत्राचा दांडा दोघींनी ओढायचा आणि छाप्याखाली सही एकच: नणंद-भावजय.

५. चालत्या घराच्या फळीचं वेगळं लिहिते. तिची ओळ होती, ‘घराला पाय फुटले, ते निघून गेलं मला सोडून.’ अक्षरं उलटी कोरावी लागतात. मी कोरत गेले आणि ‘गेलं’पाशी फळी संपली. राहिलेले दोन शब्द मी गाळले. तिला विचारलं नाही. प्रदर्शनात लोक ती ओळ वाचून खो खो हसले.

ती म्हणाली, “वहिनी, मी विनोद केला नव्हता गं.”

मी म्हटलं, “दोन शब्दांनी काय आभाळ कोसळतंय? अर्थ पोचला ना!”

त्याच आठवड्यात ती बॅग भरून गेली. तीस वर्षं झाली. आज बोलावीन, उद्या बोलावीन करत राहिले आणि तोंड बाकीच्यांवर चालवलं.

यंदा ते दोन शब्द लहान ठोकळ्यावर कोरलेत. अक्षरं वाकडी आली आहेत. नातीने तो ठोकळा फळीच्या डाव्या अंगाला चिकटवून ठेवावा आणि पहिला छापा नणंदेच्या हातून काढावा. ती येत नाही म्हणाली तर यंत्र तिच्या दारात न्यावं. जड आहे, मुलगे तेवढ्या तरी कामाला येतील. जोडावर फट दिसेल. ती बुजवू नये.

हयातीत का नाही दिलं, असं विचाराल. दिलं असतं आणि तिने परत पाठवलं असतं तर? मेलेल्या माणसाला काही परत पाठवता येत नाही.

साक्षीदार:
१. वकीलबाई
२. कोपऱ्यावरचा कागदवाला (ओला कागद कोरडा म्हणून विकतो, पण साक्षीला चालेल)

ठिकाण: मागची खोली
दिनांक: ४ मार्च

सही: ............... -भावजय

(अलीकडची जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. कागद मोठा आहे.)